ओसरीवाले

आयुष्यभर मी सौदेच केले. काही बुडाले, काही मी बुडवले, त्याचं काही वाटत नाही. पण जमत आलेला सौदा माझ्याच बाजूला बसलेल्या माणसानं, माझ्यावर उपकार करत असल्याच्या चेहऱ्यानं मोडावा, असं एकदाच झालं. मोडणारे आमचे सर. त्यांना जाऊन बराच काळ लोटला. गेलेल्या माणसावरचा राग सोडून द्यावा म्हणतात. मी सोडलेला नाही. सर असते तर त्यांनी मान तिरकी करून विचारलं असतं, "राग तुम्ही धरलाय की रागानं तुम्हाला?" आणि मग मी आणखी भडकलो असतो.

मुलुंड पूर्वेला आमची तीन मजली इमारत होती, सगळे जुने भाडेकरू. रस्त्याच्या अंगाला, इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओटा. काळ्या दगडाच्या जाड लाद्या, आणि पिढ्यांनी बसून बसून त्यांना मधे थोडा खोलगटपणा आलेला. तुम्ही बसलात की दगड तुम्हाला ओळखतो असं वाटायचं. सरांची खोली या ओट्याला लागून होती. एका कॉलेजात ते तत्त्वज्ञान शिकवायचे. एकटा जीव. मी वरच्या मजल्यावर राहायचो.

संध्याकाळी सर एक बादली पाणी आणून ओटा स्वतः धुवायचे. कोणी मदतीला पुढे झालं तर म्हणायचे, "तुम्ही बसा, पण वाळल्यावर." दगड वाळला की मांडी घालून बसायचे. भिंत पाठीशी असून तिला कधी टेकायचे नाहीत. चहा बशीत ओतून पार थंड करायचे आणि मग औषध घेतल्यासारखा एका दमात प्यायचे. मी एकदा म्हटलं, सर, थंडच प्यायचा तर गरम कशाला करता? ते म्हणाले, थंड व्हायची वाट बघता येते ना, म्हणून.

ते सगळ्यांना अहो-जाहो करायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या परबकाकूंच्या शेंबड्या नातवाला "तुम्ही शाळेत काय शिकलात?" इमारतीतल्या कुत्र्यालाही "सरका थोडे." हे कुत्रं दिवसभर ओट्याखाली पडलेलं असायचं, वर कधी यायचं नाही. सर त्याच्याबद्दल आदरानं बोलायचे. म्हणायचे, ते दुसऱ्या पंथाचे आहेत. ग्रीक लोकांत एक पंथ होता, त्याचं नावच कुत्र्यावरून पडलेलं. घर नको, लाज नको, मिळेल ते खायचं, पटेल ते भुंकायचं. आमच्या पंथाचा आद्यपुरुष शिकला त्यांच्याकडेच, म्हणून मी यांना मान देतो.

तर हा आमचा पंथ म्हणजे कोणता, ते सांगतो. सरांना नावांचं वेड होतं. भाजी घेताना ते भाजीवाल्याला विचारायचे की तुमच्या गावाला ते नाव कशावरून पडलं. बिचारा वजन करायचं सोडून विचारात पडायचा आणि मागे रांग लागायची. पण सगळ्यांत आवडता विषय म्हणजे दर्शनांची नावं. सांख्य कशावरून, लोकायत कशावरून, वैशेषिक कशावरून. आणि गाडी शेवटी एकाच स्टेशनात यायची. स्टोइक.

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा नुकताच त्या इमारतीत राहायला आलो होतो. माझे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी शिक्षण सोडलं आणि पडलेल्या इमारतींचा माल उचलायला लागलो. पहिला सागवानी दरवाजा मी स्वतःच्या डोक्यावर वाहून नेऊन विकला. मग दोन दरवाजे, मग खिडक्या, मग आख्खी इमारत. जिने, कठडे, खांब, लाद्या, जे निघेल ते. भांडुपला वखार घेतली, तिच्यावर माझ्या नावाची पाटी लावली, रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल अशी. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नाव या गोष्टीबद्दल सरांचं आणि माझं कधी जमलं नाही.

त्या पहिल्या संध्याकाळी सरांनी मला विचारलं, तुमचं आडनाव कशावरून? मी म्हटलं, गावावरून, आणि कशावरून? कोकणातलं गाव, आजोबांनी सोडलं, वडिलांनी दोन-चारदा पाहिलं, मी एकदा. सर खूश झाले. म्हणाले, "पाहिलंत? माणूस गेला, गाव सुटलं, तरी नाव गावाचंच. स्टोइकांचं तसंच आहे."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. पुढे मी ती इतक्यांदा ऐकली की झोपेत सांगू शकेन. एक व्यापारी होता, परदेशी. जांभळ्या रंगाचा माल जहाजात भरून निघाला आणि जहाज बुडालं. हा कसाबसा अथेन्सला पोचला, तिथे तत्त्वज्ञानाच्या नादी लागला आणि पुढे स्वतः शिकवायला लागला. पण परक्या माणसाला त्या शहरात जमीन घेता येत नव्हती. मग बाजाराच्या कडेला एक ओसरी होती, सगळ्यांना मोकळी, तिथे हा उभा राहून बोलायचा. त्यांच्या भाषेत ओसरीला स्तोआ म्हणत. स्तोआत बसणारे ते स्टोइक. म्हणजे ओसरीवाले.

मी विचारलं, "माल कुणाचा होता?"

"कुठला माल?"

"जहाजातला. याचा स्वतःचा की उधारीवर उचललेला? बुडाल्यावर नुकसान कोणी सोसलं?"

सर माझ्याकडे बघतच राहिले. मग इतके हसले की बशीतला चहा सांडला. म्हणाले, एवढी वर्षं शिकवतोय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. त्या दिवसापासून ओट्यावर माझी जागा ठरली, सरांच्या उजव्या हाताला. माझ्या पलीकडे पोस्टातून निवृत्त झालेले घाग. घाग ऐकत कमी आणि डोलत जास्त. पण तेच दुसऱ्या दिवशी मुलुंडभर सांगत फिरायचे की काल ओट्यावर काय झालं. इमारतीला कोणी नावानं ओळखेना, पत्ता सांगताना लोक "ओटा" म्हणायला लागले.

गोष्टीचा शेवटचा भाग सर हळू आवाजात सांगायचे. ती ओसरी ज्या गृहस्थानं बांधली, तिला आधी त्याचं नाव होतं. मग भिंतींवर लढायांची चित्रं लागली आणि लोक चित्रांची ओसरी म्हणायला लागले. बांधणाऱ्याचं नाव गळलं. मग हा व्यापारी आला. त्याच्याभोवती जमणाऱ्यांना आधी त्याच्याच नावानं ओळखत होते. तेही गळलं. उरली नुसती ओसरी.

मला हे बिलकूल पटायचं नाही. मी म्हणायचो, म्हणजे पैसा घालणाऱ्यानं घातला, घसा फोडणाऱ्यानं फोडला, आणि नाव कुणाचं, तर दगडांचं? सर म्हणायचे, "मोठं नशीब आहे हो ते. तुमच्या नावाशिवाय तुमचं काम चालू राहणं." मी म्हणायचो, ते नशीब तुम्हालाच लखलाभ.

स्टोइक या शब्दावरून मी त्यांना एकदाच चिडलेलं बघितलं. परबकाका गेले त्या दिवशी. काका रोज ओट्यावर येऊन बसणारे. अंत्ययात्रा निघताना सर सगळ्यांसमोर रडले, लहान मुलासारखे, रुमालही न काढता. सरांचा एक जुना विद्यार्थी आला होता. तो त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, सर, तुम्ही तर स्टोइक. सरांनी त्याचा हात बाजूला केला. म्हणाले, "स्टोइक म्हणजे दगड नव्हे हो. दगडावर बसणारा माणूस." आणि पुन्हा रडायला लागले.

आता माझ्या रागाकडे येतो. माझा राग जन्माचा आहे. धंद्यात तो उपयोगी पडतो आणि घरात नडतो. एकदा ओट्यासमोरच एका टेंपोवाल्यानं माझा कोरीव दरवाजा उतरवताना आपटला. मी त्याची गचांडी धरली. सर उठले, माझ्या हाताला नुसतं बोट लावलं आणि म्हणाले, "आधी इस्त्रीवाल्याच्या टपरीपर्यंत चालून या. मग मारा." गल्लीच्या टोकाला ती टपरी होती. का कोण जाणे, मी गेलो. परत येईपर्यंत टेंपोवाला निम्मं भाडं सोडून देऊन पळाला होता, पण ते जाऊ दे.

तेव्हापासून सरांनी माझ्यासाठी हा नियमच केला. राग आला की उठायचं, टोकापर्यंत चालायचं, वळायचं, परत यायचं. एकच पथ्य. चालणाऱ्याला मधेच कोणी हाक मारायची नाही. हाक मारली की राग अर्धा राहतो आणि अर्धा राहिलेला राग दुप्पट होतो. हे पथ्य त्यांनी ओट्यावरच्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मी तावातावानं उठलो की घाग लगेच तोंडावर बोट ठेवायचे. बायको खिडकीतून जेवायला हाक मारायला लागली तर तिलाही सर हातानं थांबवायचे. मला हे सगळं पोरकट वाटायचं. बहुतेक वेळा मी जायचोच नाही, तिथेच भांडून घ्यायचो. सर म्हणायचे, जमेल, जमेल.

दुसरीकडे आमच्या धंद्यात उठून जाण्याचा अर्थ अगदी वेगळा. जुना माल घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसतात. भाव अडतो. मग एकानं उठायचं. आवाज चढवायचा, सगळं मुसळ केरात गेलं असा चेहरा करायचा, एक चप्पल पायात घालायची आणि दुसरी शोधत राहायची. तेवढ्यात नाही बोलावलं तर बाहेर जायचं, कोपऱ्यावर उभं राहायचं. समोरच्याचा माणूस मागून येतोच. "शेठ, वर बोलावलंय." मग कुरकुरत परत जायचं आणि मधला भाव ठरतो. दोघांनाही माहीत असतं की हा राग खोटा आहे. पण तो नीट केला नाही तर समोरच्याला अपमान वाटतो. मी यातला बाप माणूस. घाटकोपरपासून ठाण्यापर्यंत माझ्यासारखा उठून जाणारा नव्हता.

पुढे आमच्या इमारतीचा पुनर्विकास निघाला. इमारत खरंच थकली होती. परबकाकूंच्या छताला टेकू लावलेले, त्या टेकूंच्या मधून वाट काढत स्वयंपाक करायच्या. बिल्डरशी बोलायला सगळ्यांनी मला पुढे केलं. दुसऱ्या कोणाची छाती नव्हती. जागा किती, पार्किंग कुठे, मधल्या काळातली राहायची सोय, एकेक गोष्ट मी ओढून आणली. उरला फक्त ओटा. नकाशात रस्त्याच्या बाजूला दुकानं होती. ओटा नव्हता.

मी नकाशा सरांना दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "ओटा मिळाला तर बसू." एवढंच. मागितला नाही. पण त्या दिवशी त्यांनी ओटा दोनदा धुतला, ते मी वरून पाहिलं. मी खाली येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, ओटा मी आणतो, माझा शब्द. घाग डोलले.

शेवटची बैठक घाटकोपरला बिल्डरच्या ऑफिसात होती. आमच्याकडून मी, सर, घाग आणि परबकाकू. समोर बिल्डरचा धाकटा भाऊ. माणूस हुशार, बोलायला गोड, माझ्याच जातकुळीचा. मी ओट्याचं काढलं. तो म्हणाला, दुकानं गेली तर मला परवडत नाही. मी म्हटलं, ओटा नाही तर सही नाही. तासभर चाललं. मग मला त्याच्या डोळ्यांत ते दिसलं जे धंद्यातल्या माणसालाच दिसतं. तो पिकला होता. आता फक्त देठाला हात लावायचा होता.

मी उठलो. खुर्ची मागे पाडली. म्हटलं, तुमच्यासारखे छप्पन्न बिल्डर दारात उभे आहेत. परबकाकू घाबरून "अहो बसा ना" म्हणाल्या. मी दरवाजा आपटून खाली उतरलो आणि कोपऱ्यावर रसाच्या गाड्यापाशी जाऊन उभा राहिलो. काम चोख झालं होतं. एक ग्लास रस घेतला. कोणी आलं नाही. म्हटलं, ताणतोय. ताणू दे. आणखी एक ग्लास घेतला. रसवाल्यानं विचारलं, कोणाची वाट बघताय का? मी त्याच्यावर खेकसलो. ऑफिसच्या दारातून माणसं बाहेर पडत होती, पण माझ्याकडे कोणी येत नव्हतं. इतकी वर्षं धंदा केला, पण कोपऱ्यावर असा कधी उभा राहिलो नव्हतो.

शेवटी मी आपणहून वर गेलो. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी नामुष्की नाही. आत सगळे पेढे खात होते. परबकाकूंची सही झाली होती, घागांची झाली होती, सर पेन बंद करत होते. मला बघून सरांचा चेहरा उजळला. निकालाच्या दिवशी बापाचा चेहरा उजळतो तसा. म्हणाले, "आलात? छान. आज तुम्ही कोणी न सांगता गेलात."

मी गेल्यावर काय झालं ते मला घागांनी नंतर सांगितलं. बिल्डरचा भाऊ शिपायाला म्हणाला, जा, शेठना बोलाव. शिपाई उठला. तेवढ्यात सर म्हणाले, "नका बोलावू. ते रागावले की चालायला जातात. मधे हाक मारायची नसते. शांत होऊन परत येतील." घागांनी तोंडावर बोट ठेवलं. शिपाई परत बसला. बिल्डरच्या भावानं जरा अंदाज घेतला आणि विचारलं, मग ओट्याचं काय करायचं? सरांनी परबकाकूंकडे पाहिलं. त्या पदराचं टोक पिळत होत्या. पुढचा पावसाळा त्या टेकूंखाली निघेल की नाही कोणास ठाऊक. सर म्हणाले, ओट्यासाठी यांचं घर अडवू नका. ओटा नसेल तर दुसरीकडे बसू.

झालं. ज्या माणसासाठी मी भांडत होतो त्यानंच ओटा देऊन टाकला. आणि पुढे एकदा, सगळं निवल्यावर, त्या बिल्डरच्या भावानं मला स्वतः सांगितलं की दुसरा नकाशा टेबलाच्या खणात तयार होता. लहान का होईना, ओटा असलेला. शिपाई कोपऱ्यापर्यंत आला असता तर तोच बाहेर निघाला असता. काकूंची सहीसुद्धा त्याच दिवशी झाली असती.

त्या संध्याकाळी मी ओट्यावर सरांना सोडलं नाही. सगळी इमारत खिडकीत आली. मी म्हटलं, "तो राग नव्हता सर. तो धंदा होता. एक माणूस मागून येऊ द्यायला हवा होता, एक."

सर म्हणाले, "मला खरंच वाटलं की तुम्हाला जमलं."

मग त्यांनी विचारलं, "आत्ता आलाय तो खरा आहे का?"

"आहे."

"मग चालून या."

मी गेलो. त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे, तिथे थांबलो असतो तर हात उचलला असता म्हणून. इस्त्रीवाल्याच्या टपरीवरूनही पुढे गेलो, पार हायवेपर्यंत. परत आलो तेव्हा ओटा धुतलेला होता आणि सरांचं दार बंद होतं.

इमारत रिकामी झाली. पाडायचं काम दुसऱ्याला मिळालं. पण माल मी उचलला. दरवाजे-खिडक्या विकल्या. लाद्या मात्र भांडुपला आणल्या, म्हटलं, चांगला भाव येईल. असा काळा दगड आता मिळत नाही. वखारीच्या दर्शनी भिंतीलगत, गिऱ्हाइकाला दिसाव्यात म्हणून, खाली विटा लावून त्या ओळीनं मांडून ठेवल्या. विकायला मांडल्या होत्या, हे पुन्हा सांगतो.

मधल्या काळात सरांना भाड्याची खोली भांडुपलाच मिळाली होती. एक दिवस ते वखारीवर आले. आमचं बोलणं बंद होतं. ते माझ्याकडे आले नाहीत, सरळ लाद्यांकडे गेले. वाकून बघत बघत एका लादीपाशी थांबले, हात फिरवला. त्यांची खोलगट जागा त्यांना सापडली होती. मग माझ्या नळाची बादली भरून घेतली, न विचारता, आणि सगळ्या लाद्या धुतल्या. वाळेपर्यंत उभे राहिले. मग मांडी घालून बसले. मी गादीवरून बघत होतो. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, "माल कुणाचा होता, ते मी शोधलं. कुठे लिहिलेलं सापडत नाही."

मी म्हटलं, "सापडणार नाही. नुकसान झालेला माणूस सांगत नसतो."

असं आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं. त्या विषयावर मात्र एकदाही नाही.

मग घाग आले. मग विक्रोळीहून परबकाकूंचा थोरला मुलगा. मग भांडुपचेच कोणकोण, ज्यांना सर माहीतही नव्हते, आयता ओटा दिसला म्हणून टेकलेले. नवी इमारत उभी राहिली, चाव्या मिळाल्या. परबकाकू नव्या घरात पहिल्यांदा शिरल्या तेव्हा वर छताकडे बघत स्वयंपाकघरात नुसत्या फिरत राहिल्या, कशालाही न धडकता. सरांना नववा मजला मिळाला. खाली चकचकीत लॉबी आणि तिच्यात सोफा, आणि सोफ्याजवळ "येथे बसू नये" अशी पाटी. सरांनी ती पाटी मला हौसेनं दाखवली. म्हणाले, बसू नये असा सोफा! याच्यावर एक दर्शन निघू शकेल. आणि रोज दुपारी बस पकडून भांडुपला यायला लागले. शेवटच्या आठवड्यापर्यंत येत होते.

ते गेल्यावर मला वाटलं, आता हे लोक पांगतील. पांगले नाहीत. घाग सरांची गोष्ट चुकीची सांगतात, जहाजात जांभळ्या रंगाऐवजी जांभळंच भरतात, पण सांगतात. लाद्यांना गिऱ्हाइकं येत राहिली. मी प्रत्येकाला भाव असा सांगायचो की तो निघून जावा.

परवाची गोष्ट. अंधेरीहून एक बाई आल्या, घरं सजवणाऱ्या. कोणाच्या बंगल्याच्या व्हरांड्यासाठी त्यांना असाच दगड हवा होता. लाद्यांवर पाचसहा जण बसलेले. बाईंना माल कळत होता, बोलणंही कसलेलं. आम्ही चांगले रंगात आलो. मी नाही म्हणतोय आणि त्या चढतायत. मग त्या उठल्या. पर्स उचलली, फोन कानाला लावला, म्हणाल्या, राहू दे, ठाण्याला दुसरा माणूस आहे माझा. आणि रस्त्यावर थोडी पुढे गाडी होती तिथे जाऊन उभ्या राहिल्या. मला मनातून बरं वाटलं. काम सुरेख केलं होतं बाईंनी.

मी जागचा हललो नाही. तेवढ्यात लादीवर बसलेला एक नवा माणूस, पंधरवड्यापासून येणारा, माझ्याकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, त्या मॅडमना सांगा ना, हा वखारवाल्यांचा ओटा आहे. विकायचा नाहीये."

मी विचारलं, वखारवाले कोण?

"आम्हीच. सगळे तसंच म्हणतात. घरीसुद्धा. वखारवाल्यांकडे चाललो म्हटलं की बायको समजते."

मी विचारलं, आणि वखार कोणाची?

त्यानं घागांकडे बघितलं. मग खांदे उडवले. "असेल कोणाची तरी. जुनी आहे."

त्याच्या डोक्यावर, बरोबर वर, माझ्या नावाची पाटी होती. मी डोक्यावर दरवाजे वाहून घेतलेली जागा, मी वाचवलेले दगड, आणि हे पंधरवड्याचं पोरगं मला सांगतंय काय विकायचं आणि काय नाही. माझ्या कानशिलात रक्त चढलं. तोंड उघडलं आणि समोर सरांची खोलगट लादी दिसली. तिच्यावर कोणी बसत नाही. तशी कोणी सांगितलेली शिस्त नाही, पण बसत नाहीत.

मी उठलो. दोन्ही चपला घातल्या. घागांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं. मी निघालो.

वाटेत बाई गाडीपाशी उभ्या होत्या. मला येताना बघून त्यांनी फोन खाली घेतला आणि चेहरा आणखी कडक केला. मी त्यांच्या बाजूनं पुढे गेलो. रस्त्याच्या टोकापर्यंत गेलो, वळलो, परत त्यांच्यापाशी आलो. त्या तशाच उभ्या होत्या, आता जरा गोंधळलेल्या. मला त्यांची दया आली. म्हटलं, "बाई, मी तुम्हाला बोलवायला आलो नव्हतो. मला राग आला होता, म्हणून चालत होतो."

त्या हसल्या. म्हणाल्या, कळतं हो मला, मीही धंद्यातच आहे, आता शेवटचा भाव सांगा. मी कितीही सांगितलं तरी त्यांना ते खरं वाटलं नाही.

मी परत आलो. मधे कोणी हाक मारली नव्हती. लादीवर सगळे थोडे थोडे सरकले आणि सरांच्या जागेच्या उजवीकडची लादी रिकामी झाली. तो नवा माणूस म्हणाला, "बसा काका." मी बसलो. भिंत मागे होती, टेकलो नाही.